हक्कसोड पत्रावर सही: कोणी केली, कोणी नाही केली?

सायली_कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

आमचं गाव कराडजवळ. बाबा दिवाळीच्या आधी गेले, मृत्युपत्र वगैरे काही केलेलं नव्हतं. चार एकर ऊस, विहिरीत हिस्सा आणि राहतं घर. आम्ही दोघी बहिणी आणि धाकटा भाऊ. परवा भावाचा फोन, पुढच्या गुरुवारी तालुक्याला यायचं, येताना आधार, पॅन आणि दोन फोटो आण. कशाला म्हटलं तर म्हणे अगं हक्कसोड (वारशातला आपला हिस्सा सोडल्याचा कागद) करून घेऊ, म्हणजे सोसायटीचं कर्ज काढायला सोपं पडेल. झालं, एवढंच. ताईला पण असाच फोन, तिने हो सांगून टाकलंय. आई म्हणते करून टाक बाई, माहेर तुटायला नको.

मला जमीन कसायची नाहीये, पुण्यात नोकरी आहे, घराचा हप्ता दोघं मिळून भरतो. भाऊ वाईट नाही, बाबांच्या आजारपणात त्याने आणि वहिनीने जे केलंय ते मी विसरणार नाही. तरी फोन ठेवल्यापासून डोक्यात घोळतंय, की मला कोणी विचारलं नाही, डायरेक्ट तारीख सांगितली. तुमच्यात कोणी सही केली, कोणी नाही केली, नंतर काय झालं? खरं खरं सांगा, उपदेश नको.

गोट्या_डॉट_कॉम:
मी पयला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, या धाग्याचं काश्मीर होणार, म्हणजे न संपणारं भांडण, हे नक्की.

पाटलीणबाई:
मी केली, २००९ ला. सकाळी भाऊ गाडी घेऊन घ्यायला आला, सब रजिस्ट्रारच्या ऑफिसात फोटो, अंगठा, सह्या, दुपारी घरी पुरणपोळी आणि मला पैठणी. तेव्हा खरंच काही वाटलं नाही, उलट आपण किती मोठ्या मनाच्या असं वाटलेलं. दोन-तीन वर्षांत रस्त्याकडेचा तुकडा एनए (बिगरशेती) होऊन विकला गेला, ते मला चुलतभावाच्या लग्नात एका लांबच्या काकूंकडून कळलं. भाऊ येतो, भाऊबीज होते, सगळं छान आहे. पण मी माहेरी गेले की शेताकडे चक्कर मारायला आता जात नाही. काहून ते विचारू नका.

अ‍ॅड_विदुला:
थोडं कायद्याचं टाकते, म्हणजे पुढची चर्चा हवेत होणार नाही.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगी वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात वारस होती, पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा जन्मापासून सहदायक (जन्मानेच हिस्सेदार) आणि मुलगी नाही. राहत्या घराची वाटणी मागायचा हक्कही तिला नव्हता, भावांनी वाटणी केली तरच. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला सहदायक केलं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. मग केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली, त्यात लग्न झालेली, न झालेली सगळ्या मुली मुलाच्या बरोबरीने, आणि राहत्या घराची ती अटही गेली. वडील त्या तारखेला हयात हवेत की नको यावर कोर्टात बरीच वर्षं उलटसुलट चाललं, ते ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात मिटवलं: हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर ती मात्र उकरता येत नाही.

सायली, तुझ्या केसमध्ये जमीन वडिलोपार्जित असो की बाबांनी घेतलेली, हिशोब शेवटी एकच येतो. आई, भाऊ, तुम्ही दोघी, प्रत्येकी चौथा हिस्सा. आईचा हिस्सा सगळे विसरतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि हक्कसोड रजिस्टर झालं की झालं. नंतर मला समजलं नव्हतं म्हणून रद्द करायचं तर दिवाणी कोर्टात फसवणूक किंवा दबाव सिद्ध करत बसावं लागतं, आणि मुदतही असते.

बळीराजा_७१:
वकीलबाईंचा आदर ठेवून सांगतो. हे सगळं शहरात बसून बोलायला सोपं आहे. चार एकराचे चार तुकडे केले तर खाणार काय? एक एकर उसात वर्षाचं खत-पाणी-लागवड वजा जाता काय उरतं ते कोणी कसलं आहे का इथे? बहिणीच्या लग्नात बापाने काढलेलं कर्ज भावाने फेडलं, म्हातारपण भावाने काढलं, आता हिश्श्याला कायदा आठवला. मला पण बहिणी आहेत, त्यांनी हसत सह्या केल्यात, आजही चार-चार दिवस राहायला येतात.

निरु:
@बळीराजा, तुम्ही किती भाऊ?

बळीराजा_७१:
तिघं. का?

निरु:
मग तुमच्या तिघांत जमीन वाटली तेव्हा तुकडे झाले नाहीत का? तेव्हा कोणी म्हणालं का की धाकट्याने हसत सही करावी, त्याला चार दिवस राहायला बोलवू?

गोट्या_डॉट_कॉम:
:हहगलो: (हसून हसून गडबडा लोळतोय) आणि येताना धाकट्याला पैठणी!

घाटावरचा:
निरु यांना अनुमोदन. नाव लागणं आणि तुकडा पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातबाऱ्यावर चौघांची सामाईक नावं राहू शकतात, कसणारा एकच राहू शकतो, उत्पन्नाचं घरात काय ते ठरवा. तसंही तुकडेबंदी कायदा १९४७ पासून आहे, वाट्टेल तेवढे तुकडे पाडता येतच नाहीत. तुकड्यांची काळजी फक्त बहिणीचं नाव निघालं की सुरू होते हे मी आमच्याच भावकीत बघितलंय.

आणि लग्नाचा खर्च हा हिस्सा कसा काय? मांडव, जेवणावळ, डीजे, त्यात मुलीच्या हातात काय आलं? बरं मुलाच्या लग्नाचाही खर्च बापच करतो की, तो कुठे वजा होतो.

रुख्मिण_यवतमाळ:
आमच्याकडचं सांगते. माह्या मावसबहिणीचा नवरा गेला, कर्जापायी. जमीन सासऱ्याच्या नावानं, कसायचा तो, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही म्हणून बँकेचं कर्ज त्याच्या नावानं नाही, घेतलेलं सारं सावकाराचं. मदतीच्या वेळी कागद मागितले तर दाखवायला काहीच नाही. सासरी दीर म्हणे तुझा काय संबंध, माहेरी भाऊ म्हणे तू तर सही करून गेलीस. दोन गावांत मिळून बारा एकर जमीन अन् हिच्या नावावर एक गुंठा नाही बाप्पा. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचते.

सह्या करताना सगळ्या बायांना वाटते का आपल्याला काय कमी हाय. कमी पडते तवा सही होऊन गेलेली असते.

मराठवाडी_मुलगी:
रुख्मिणताई, काटा आला. शेतातलं निंदणं, खुरपणं, वेचणी सगळं बायकांचं आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात बायकांच्या नावावरची वहिती खाती जेमतेम १४ टक्के. त्यातली कितीतरी बँकेच्या किंवा सीलिंगच्या (जमीनधारणेच्या मर्यादेच्या) सोयीसाठी नावं लावलेली असणार, हा माझा अंदाज.

सासुरवाशीण_नं_१:
मी वहिनी आहे. म्हणजे या धाग्यातली व्हिलन. दोन शब्द बोलते.

नणंदांनी सही करावी असं मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू. सासूबाईंचं अंथरुणावरचं सगळं मी केलं. डायपर, अंगावरचे फोड, रात्रीची जागरणं. नणंदा फोनवर "वहिनी तुझ्यामुळे आई आहे" म्हणायच्या आणि मला त्या वाक्याचा राग यायचा. मग वाटायचं, निदान जमीन तरी आमची. पण गंमत बघा, केलं मी आणि हिस्सा मागतोय नवरा. माझं नाव सातबाऱ्यावर आजही नाही. माझ्या माहेरच्या जमिनीवर मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सही करून आले, त्या भावाची बायको माझ्या आईचं करते, आणि तिनेही तिच्या माहेरी सही केलेली आहे. अशी ही साखळी. प्रत्येक घरात बाई सेवा करते, दुसऱ्या घरातली बाई सही करते, आणि कागदावर पुरुषाचं नाव चढतं.

तेव्हा सायली, भावाला विचार की वहिनीचं नाव लावणार आहे का. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

पाटलीणबाई:
@सासुरवाशीण, तुम्हाला साष्टांग. इतकी वर्षं मी वहिनीला मनात बोलत होते.

बळीराजा_७१:
सेवेचा मुद्दा मान्य. पण मग मुलींनीही आईबापाला सांभाळायची जबाबदारी घ्यावी की.

अ‍ॅड_विदुला:
घ्यावीच, आणि कायद्याने आहेच. लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते हे सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्येच सांगितलंय, खटला आपल्या महाराष्ट्रातलाच होता. म्हणजे जबाबदारीची बरोबरी हिश्श्याच्या बरोबरीच्या अठरा वर्षं आधी आली!

मांडवीकाठ:
गोव्यातून. आमच्याकडे हा प्रकार ऐकून लोक चक्रावतात. पोर्तुगीज काळातला १८६७ चा नागरी कायदा सगळ्या धर्मांना लागू, आता वारशापुरता २०१२ चा गोव्याचा स्वतःचा कायदा आहे, पण गाभा तोच. मुलगा-मुलगी समान, आणि बापाने ठरवलं तरी मुलांना पूर्ण डावलता येत नाही, अर्धी मिळकत राखीवच असते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक, त्यामुळे घर विकायचं तर बायकोची सही लागतेच.

पण म्हणून स्वर्ग आहे असं समजू नका. इथेही बहिणींना नोटरीकडे नेऊन हक्क सोडायला लावतातच, कारण माया तीच आणि मानकुराद आंबेही तेच :)

गोट्या_डॉट_कॉम:
आंब्याच्या झाडाला कोणता कलम लागू? हलके घ्या.

नसीम_रत्नागिरी:
आमच्यात मुलीचा वाटा ठरलेला, भावाच्या निम्मा. तो निम्मा पण सोडून द्यायची पद्धत आहेच. तुमच्याकडे निदान भाऊबीजेला काहीतरी मिळतं, आमच्यात भाऊबीज नसते तरी सही घेतात.

जर्सीसिटीकर:
परदेशातल्या बहिणींसाठी वेगळी गंमत. भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचा मसुदा पाठवला, वकिलातीतून शिक्का मारून पाठव म्हणाला. आठ पानं बारीक अक्षरात. नवऱ्याने वाचली म्हणून कळलं, की त्यात हक्कसोडीबरोबर आईच्या नावावरच्या सोलापुरातल्या घराची विक्री करायचे पण अधिकार होते. विचारलं तर म्हणे वकिलाने टाकलं असेल, स्टँडर्ड असतं. मी पाठवली नाही, घरच्या ग्रुपमधून मात्र मला काढलं. परत घेतलं, पण आता कोणी गुड मॉर्निंग टाकत नाही, तो फायदाच म्हणायचा.

इतिहासाचा_किडा:
अवांतर वाटेल, पण नाहीये. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं, लाखांच्या आकड्यात बायका आल्या होत्या असं सांगतात. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचं काम निघालं: शेतकऱ्याने आपल्या जमिनीतला हिस्सा स्वखुशीने बायकोच्या नावे करायचा. गावोगाव पुरुषांनी केलंही, आणि नंतर शासनाची लक्ष्मीमुक्ती योजना आली, नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची.

मला कायम प्रश्न पडतो, की ज्या पुरुषांनी बायकोला जमीन दिली त्यातल्या कितींनी बहिणीला दिली असती? बायकोला दिलेली जमीन घरातच राहते. बहिणीची म्हणजे "बाहेर" गेली. मुलगी परक्याचं धन हे आपण म्हणीत म्हणतो, पण ते खरं राबतं ते तलाठ्याच्या दप्तरात.

घाटावरचा:
दप्तरावरून आठवलं. जुने सातबारे काढून बघा, मोठ्या भावाच्या नावापुढे ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बहिणींची नावं एकतर नाहीतच, किंवा "इतर हक्क" या रकान्यात विहीर, बोजा, कुळ यांच्या रांगेत. माझ्या आत्याचं नाव सोसायटीच्या बोजाच्या खाली आहे. आजी म्हणायची बरोबरच आहे, दोन्हींची परतफेड व्हायची नाही.

मीराकाकू_डोंबिवली:
मुलींनो, मी सत्तरीची आहे. माझं लग्न १९७८ चं, तेव्हा असलं काही विचारायची सोय नव्हती. मी सही केली आणि मला त्याचं दुःख नाही. माझा भाऊ मला आजही तांदळाचं पोतं पाठवतो. सगळं कोर्टकचेरीने मोजू नये. नाती टिकवायला कुणीतरी कमी घ्यावंच लागतं.

निरु:
काकू, तुमच्याबद्दल आदर आहे. पण ते "कुणीतरी" दर वेळी बहीणच कशी निघते? हक्क सोडायला माझीही ना नाही, राजीखुशीने सोडावा. फक्त ज्याला नाही म्हणायची मुभा आहे त्याच्याच हो ला अर्थ आहे. नाही म्हटलं की माहेर बंद, ही अट घालून घेतलेली सही राजीखुशीची कशी?

मीराकाकू_डोंबिवली:
तू म्हणतेस ते कळतं गं. पण वयाच्या सत्तरीत तांदळाच्या पोत्याचा असा पंचनामा नको वाटतो.

पाटलीणबाई:
काकू पोतं राहू द्या, चांगला तांदूळ आहे ना मग झालं :)

एकटी_पण_बरी:
सगळे माहेरच्या जमिनीवर बोलताय, बायकांच्या स्वतःच्या कमाईचं काय होतं ते पण बघा. हिंदू बाई विधवा असेल, मूलबाळ नसेल आणि मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः हप्ते भरून घेतलेला फ्लॅट नवऱ्याच्या वारसांकडे जातो. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. माहेरून वारशाने आलेलं असेल तेवढं वडिलांच्या वारसांकडे परत. पुरुषाच्या बाबतीत असं बायकोचं माहेर मध्ये येत नाही. मी हे कळल्यावर पहिल्याच रविवारी मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदार सोसायटीतलेच.

अ‍ॅड_विदुला:
बरोबर आहे, हिंदू वारसा कायद्याचं कलम १५. मृत्युपत्र करा हे माझं सगळ्या मैत्रिणींना पालुपद असतं. वाईट दिसतं म्हणून कोणी करत नाही.

बळीराजा_७१:
बरं एक सांगा. समजा बहिणीने नाव लावून घेतलं. उद्या तिचा नवरा, तिची पोरं येऊन वाटणी मागतील, गावाबाहेरच्या माणसाला विकतील. मग?

घाटावरचा:
भाऊ विकत नाहीत का गावाबाहेरच्याला? आमच्या तालुक्यात हायवेला लागून ज्या जमिनी गेल्या त्या काय बहिणींनी विकल्या? वारसा कायद्यात (कलम २२) सहवारसाने हिस्सा विकायला काढला तर बाकीच्यांना आधी घ्यायचा हक्क सांगितलाय. भीती वाटत असेल तर बसून बोला, लिहून ठेवा. बोलणं हाच तर प्रॉब्लेम आहे, आपल्याकडे भाव विचारून म्हैस घेतात आणि बहिणीला न विचारता जमीन.

सायली_कृष्णाकाठ:
सगळ्यांचे खूप आभार, दोनदा बसून वाचलं सगळं.

काल भावाला फोन केला. म्हटलं गुरुवारी मी येते, पण हक्कसोडीला नाही. आधी आईसकट चौघांची वारस नोंद करू, मग एक दिवस सगळे बसू, तुझ्या कर्जाला माझी संमती लागेल तिथे मी देईन, आणि हक्कसोड करायचंच ठरलं तर माझा हिस्सा मी आईच्या नावे सोडेन. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे तुला पण पाहिजे का आता." मी म्हटलं पाहिजे की नको हे अजून ठरवलंच नाहीये, ठरवायला तरी दे. त्यावर फोन ठेवला. संध्याकाळी ताईचा फोन, माझ्यावर जाम चिडलेली, तुझ्यामुळे मी वाईट ठरणार म्हणे. आई बोलत नाहीये.

वहिनीला वेगळा मेसेज केला होता, तुझं नाव लावायचा विषय मी काढणार आहे म्हणून. तिने नुसता अंगठा पाठवलाय. आता तो कसला अंगठा हे मला कळत नाहीये.

सासुरवाशीण_नं_१:
दोन दिवसांनी भांडी घासून झाल्यावर फोन येईल तिचा. नवरा शेजारी नसताना.

मीराकाकू_डोंबिवली:
आईच्या नावे सोडेन म्हणालीस ते मला आवडलं. आईला सांग, तिचाही चौथा हिस्सा आहे. तिला माहीतच नसेल.

बळीराजा_७१:
पटलं नाही, पण बोलून करतेय ते बरंय. गुपचूप दावा लावणारे पण बघितलेत. बाकी तुमच्या भावाला ऊस तुटेपर्यंत तरी त्रास देऊ नका, टोळ्या मिळत नाहीयेत यंदा.

अ‍ॅड_विदुला:
सायली, वारस नोंदीचा अर्ज मृत्यू दाखला आणि प्रतिज्ञापत्रासह तलाठ्याकडे, ऑनलाइन ई-हक्क वरूनही होतो. प्रतिज्ञापत्रात सगळ्या वारसांची नावं आहेत ना ते स्वतः वाच, कोऱ्या कागदावर सही नको. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. आणि नावं कब्जेदाराच्या रकान्यात आली का ते उतारा काढून बघ. घराचं ग्रामपंचायतीत वेगळं, नमुना ८ ला, ते सगळे विसरतात.

गावाकडचा_इंजिनियर:
विदुलाताई, एक शंका, धागा हायजॅक करतोय असं वाटलं तर माफ करा. माझ्या वडिलांनी जमीन माझ्या नावावर केलीये, मला बायकोचं नाव लावायचंय. लक्ष्मीमुक्तीचा अर्ज अजून चालतो का की बक्षीसपत्र करू? आणि बहिणीचं काय, तिची तर सही २०१४ लाच घेऊन ठेवलीये वडिलांनी.

अ‍ॅड_विदुला:
लक्ष्मीमुक्तीचा अर्ज तहसीलला दे, तलाठी "असलं काही नसतं" म्हणाला तर शासन निर्णयाची प्रत बरोबर ठेव. बहिणीची सही घेतलेली असली तरी आता जमीन तुझी आहे, तुला वाटलं तर तू तिला बक्षीसपत्राने देऊ शकतोस. स्टॅम्प ड्युटी काय बसते ते आधी विचारून घे.

गावाकडचा_इंजिनियर:
बायकोला आत्ताच सांगितलं. ती म्हणतेय आधी बहिणीचं कर, नाहीतर नणंद मला बोलेल.

गोट्या_डॉट_कॉम:
शंभरी व्हायला अजून बऱ्याच प्रतिसादांची गरज आहे, कोणीतरी मृत्युपत्राचा वेगळा धागा काढा रे.